एका छर्ऱ्याची जागा

मराठी समीक्षेत एखाद्या कवितेचा निकाल एका शब्दात लावायचा असेल, तर 'यांत्रिक' हा शब्द नेहमी हाताशी असतो. यमके यांत्रिक, प्रतिमांची जुळणी यांत्रिक, कथेचा शेवट यांत्रिक. उत्तरपत्रिका तपासताना तर तो इतक्या वेळा भेटतो, की त्याचाच वापर यांत्रिक झाला आहे असा शेरा समासात मारण्याचा मोह व्हावा. अर्थाविषयी कोणाचे दुमत नाही: जे विचारावाचून, संवेदनेवाचून, केवळ सवयीने घडते ते यांत्रिक. समोरच्या बाजूस 'उत्स्फूर्त' आणि 'जिवंत' हे शब्द उभे असतात आणि गुण त्या बाजूला पडतात.

या अर्थाचा उगम शोधणे फारसे अवघड नाही. मुंबईत १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि मराठी साहित्याची यंत्राशी जी ओळख वाढली, ती मुख्यतः गिरणीच्या रूपाने. भोंगा वाजतो, यंत्र सुरू होते आणि माणसाने त्याच्या गतीशी आपली गती जुळवायची. मर्ढेकरांच्या कवितेतले यंत्रयुग आणि सुर्व्यांच्या कवितेतला कामगार यांच्यात अंतर पुष्कळ आहे. परंतु माणसाच्या वेळेवर यंत्राची मालकी आहे, ही जाणीव दोहोंच्या मागे आहे असे आम्हांस वाटते. मात्र यंत्राशी माणसाचा आणखी एक संबंध असतो, तो दुरुस्तीचा. तेथे यंत्र थांबलेले असते आणि माणूस चालू असतो. या दुसऱ्या संबंधाच्या बाजूने 'यांत्रिक' या शब्दाकडे पाहिले तर काय दिसते, एवढाच या लेखाचा विषय आहे. पुरावा म्हणून आमच्याजवळ एक रविवार आहे. त्या दिवशी सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही कोल्हापुरातील आमच्या घराच्या अंगणात एका जुन्या मोटारसायकलीचे पुढचे अंग उतरवले, दुरुस्त केले आणि पुन्हा चढवले.

गाडी येझदी, १९७६ सालची, वडिलांनी नवी घेतलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून चेक बनावटीच्या जावा गाड्यांच्या आराखड्यावर गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्या 'येझदी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ साली कारखाना बंद झाला. 'जावा' हे नावही भाषेच्या विद्यार्थ्यास रुचेल असे आहे: यानेचेक हे कारखानदाराचे नाव आणि वाँडरर हे ज्या गाडीचे हक्क त्याने घेतले तिचे नाव, या दोहोंच्या आद्याक्षरांचा १९२९ साली झालेला हा समास. येझदी या नावाच्या नव्या गाड्या २०२२ पासून बाजारात आल्या आहेत, पण त्यांचे भाग या जुन्या गाडीला लागत नाहीत. जुन्या गाडीला जे लागते ते कोणाच्या तरी माळ्यावरून, कोणाच्या तरी दुकानाच्या मागच्या फळीवरून, किंवा लेथवरून नव्याने उतरवून आणावे लागते.

वडील गगनबावड्याच्या रस्त्यावरील एका गावी माध्यमिक शाळेत शिकवीत. त्या रस्त्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना गाडीच्या पुढच्या अंगावर काय काय बेतले असेल ते सांगायला नको. वडील गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली राहिली. यंदा आमच्या मुलीने, वय एकवीस, ती चालवण्याचा हट्ट धरला. इंजिनाचे काम पावसाळ्यापूर्वी बाहेरून करून घेतले होते. पुढच्या अंगाचे काम मात्र घरीच करावे असे ठरले, कारण त्यासाठी मोठी हत्यारे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि एक कारण असे, की इंजिन बिघडले तर गाडी थांबते; पुढचे अंग बिघडले तर माणूस पडतो. जे मूल त्या गाडीवर बसणार, त्याच्या बापाने तो प्रत्येक नट स्वतःच्या हाताने आवळलेला बरा.

कोल्हापुरात असल्या कामाला सोबत मिळणे कठीण नाही. शिवाजी उद्यमनगरातून सकाळी चालत गेले तर एका गल्लीत लेथचा आवाज, दुसरीत ओतकामाच्या वाळूचा वास आणि तिसरीत ग्राइंडरच्या ठिणग्या भेटतात. उसाचे घाणे आणि शेतीची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता या गावाने ओतकाम आणि यंत्रकाम आपलेसे केले. त्याही आधी याच गावात बाबूराव पेंटर यांनी स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला, आणि १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. पेंटर ही त्यांची कामावरून पडलेली ओळख. मूळ आडनाव मेस्त्री. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला आहे आणि त्याचा अर्थ उस्ताद, गुरू. शाळेतल्या गुरुजींना आपण 'मास्तर' म्हणतो आणि कारखान्यातल्यास 'मेस्त्री'. शब्दांचे गोत्र एकच, पण एकाच्या हाती खडू आणि दुसऱ्याच्या हाती हातोडा आला एवढ्याने आपल्याकडे दोघांच्या पंगती निराळ्या मांडल्या गेल्या.

आमच्या शेजारी उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर उभे राहिलेले एक निवृत्त टर्नर राहतात. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांनी येऊन कठड्यावर बैठक मारली, हाताला काळे लावून घेणार नाही असे जाहीर केले, आणि अर्ध्या तासात बाह्या वर केल्या.

कामाच्या शब्दांची एक गंमत येथेच नोंदवावी. शॉक अॅब्सॉर्बरचा 'शॉकअप' होतो, बॉल रेसचा 'बॉल रेसर', वॉशरचा 'वायसर'. आट्यांना मात्र आटेच म्हणतात, आणि ते 'जातात'. नट फिरतच राहिला की आटे गेले. हत्याराचा पान्हा आणि गाईचा पान्हा यांचा उच्चार एकच, आणि गंजलेला नट सुटेना तेव्हा मामा म्हणाले, "पान्हा लागंना, आता थोडं डिझेल पाजा." या भाषेला कोशात जागा तुटपुंजी मिळाली आहे आणि साहित्यात त्याहून तुटपुंजी, पण ती उसनी वाटत नाही. उसना शब्द रोजच्या हाताळण्याने आपला होतो, हे भाषाशास्त्राच्या वर्गात पाचदा सांगूनही पटत नाही ते येथे लगेच पटते.

गाडी मोठ्या स्टँडवर चढवून इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला. पुढचे चाक अधांतरी झाले. ते उचललेले असताना हँडल डावी-उजवीकडे हलके फिरवून पाहिले, तर बरोबर मध्यावर, गाडी सरळ जाताना हँडल जेथे असते तेथे, ते किंचित अडखळले. खाचेत बसल्यासारखे. मग ब्रेकची केबल सोडवली, अॅक्सल ओढून चाक काढले, मडगार्ड काढले, दिवा उतरवला. ड्रममध्ये जुन्या लायनरची काळसर धूळ होती. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ती धूळ श्वासातून जाणे घातक. म्हणून ती फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली आणि फडके पिशवीत बांधून टाकले.

दिवा निघाल्यावर हँडल उतरवताना दिवसातला खरा प्रश्न समोर आला. हँडलची डावी बाजू उजवीपेक्षा मागे वळलेली होती. फार नव्हे, दोन बोटे. आम्ही ती नळी मामांच्या हाती दिली आणि विचारले, "मामा, गाडी कधी पडली असेल का हो?" मामांनी ती उन्हात धरली, नखाने वळणावरून मागेपुढे घासली.

"सर, ही पडून वाकल्याली न्हवं. वाळू भरून, तापवून वळवलीया. चेप कुटं हाय का बघा."

चेप नव्हता. पोकळ नळी आघाताने वाकली की वळणाच्या आतल्या बाजूला ती चेपते. आत कोरडी वाळू ठासून, गरम करून सावकाश वळवली तर तिचा गोलपणा टिकतो. वळणाभोवती क्रोमवर एक फिकट निळसर पट्टा होता; क्रोमला ज्योत लागल्याची ती खूण. टोकाच्या रबरी मुठीखाली घासल्याचा ओरखडाही नव्हता. तेव्हा कोणी तरी हे विचारपूर्वक केले होते, आणि का, ते मग आम्हांस उमगले. १९८८ साली वडिलांचे डावे मनगट मोडले होते आणि ते पुरते वळेनासे झाले होते. क्लच डाव्या हाताला. मनगट हँडलपर्यंत जाईना, म्हणून हँडल मनगटापर्यंत आणले होते. घरात याचा उल्लेख त्यांनी कधी केल्याचे कोणास आठवत नाही. पुढची अनेक वर्षे ते तेवढ्या दोन बोटांच्या आधाराने शाळेत जात राहिले.

साहित्याच्या अभ्यासकास हा प्रसंग अनोळखी वाटू नये. हस्तलिखितात एखादा शब्द निराळा दिसला की पाठचिकित्सक पहिला प्रश्न हाच विचारतो: हा लेखनिकाचा प्रमाद की कोणी जाणून केलेला बदल? प्रमादाच्या खुणा एका प्रकारच्या असतात. ओळ गळते, सारखी दिसणारी अक्षरे एकमेकांच्या जागी येतात. जाणून केलेला बदल सफाईदार असतो, त्याला चेप नसतो. आणि तो का केला हे शोधायचे तर ज्याने केला त्याच्या गरजेपर्यंत जावे लागते. मामांनी नखाने जे केले ते आणि पोथीवर भिंग धरून जे केले जाते ते, ही दोन कामे निरनिराळ्या विद्यांची आहेत असे आम्हांस त्या क्षणी म्हणवले नसते.

पण निदान झाले म्हणजे निर्णय होत नाही. आता या हँडलचे काय करायचे? 'मूळ' म्हणजे १९७६ साली म्हैसूरहून निघाले तसे सरळ हँडल, की वडिलांच्या हातात जसे होते तसे? मराठीत या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरात शिरलेले अपपाठ काढून, गाता-वाचता येईल असा, विश्वासाने हाती घेता येईल असा ग्रंथ लोकांना देणे हा त्यांचा हेतू होता, आणि यापुढे त्यात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला त्यांनी अखेरीस समजही देऊन ठेवली. उलट इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती एकनाथांच्याही आधीची म्हणून त्यांना गवसलेल्या पोथीवरून. त्यांना हवे होते ते अधिक जुने, अधिक मुळाजवळचे. एकनाथांसमोर पुढचा वाचक होता, राजवाड्यांसमोर मागचा लेखक. दोघांनाही आपण संपादक म्हणतो आणि दोघांनाही सोडू शकत नाही.

आमच्यासमोरचा पुढचा वाचक चहाचे कप घेऊन आला आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, हे आजोबांच्या मनगटासाठी होतं. माझं मनगट वळतं की." डावी-उजवी बाजू असमान असली तर नव्या चालकाचे खांदे तिरपे राहतात, आणि घाईच्या प्रसंगी हात चुकतो. वाद संपला. सरळ हँडल लक्ष्मीपुरीतून आधीच आणून ठेवले होते, तेच चढवायचे ठरले. जुने पुसून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून, वर वर्ष आणि कारण लिहून माळ्यावर ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उघडली आहे त्यांना ही व्यवस्था ठाऊक आहे: पानाच्या वर स्वीकारलेला पाठ, तळाशी न स्वीकारलेले पाठभेद, आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टात. न स्वीकारलेले फेकून द्यायचे नसते. पुढच्या कोणाला ते लागेल, आणि तेव्हा ते कोठून आले हे त्याला कळले पाहिजे. आमच्या घरात परिशिष्टाची जागा माळ्यावर आहे, इतकेच.

असो. दुपारी शॉकअप उघडले. तेल काढले ते राखाडी, पाण्याचा अंश मिसळलेले. दोन्ही नळ्या पुसून ऑइल सील जेथे घासते त्या भागावर बोट फिरवले, तर गंजाचे बारीक खड्डे लागले. अशा नळीवर नवे सील बसवणे व्यर्थ. खड्ड्यांच्या कडा सीलची ओठाळी कापतात आणि तेल आठवड्यात बाहेर येते. वडिलांनी जपून ठेवलेली नळ्यांची एक जादा जोडी होती. ती उद्यमनगरात हार्ड क्रोम करून, ग्राइंडिंग मारून आधीच आणली होती. तिचा सरळपणा पाहण्यासाठी अभ्यासाच्या टेबलावरील काच खाली घेतली आणि नळ्या तिच्यावरून लोटल्या. नळी वाकलेली असली तर काच आणि नळी यांमधल्या फटीतला उजेड कमी-जास्त होतो. तो झाला नाही. सील चढवताना आट्यांच्या कडा लागू नयेत म्हणून नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ताणून धरली आणि ओठाळीला ग्रीस लावून सील हलक्या हाताने खाली नेले.

दोन्ही बाजूंत तेल सारखे पडणे महत्त्वाचे. स्प्रिंग धक्का झेलते, पण तिला एकटी सोडली तर ती गाडीला नाचवीत राहील. तेल बारीक भोकांतून सावकाश वाट काढते म्हणून ते नाचणे थांबते. स्प्रिंगेला तेलाने आवर घालणारा असा दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली विक्रीच्या गाडीवर आणला, आणि पुढे जगभर तोच रूढ झाला. मोजण्यासाठी मापाचे भांडे घरात नव्हते. मुलीची लहानपणची दुधाची बाटली निघाली, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा होत्या. मुलगी हसली. तिने स्वतः दोन्ही बाजूंचे तेल त्या बाटलीने मोजून ओतले.

सगळ्यात नाजूक काम शेवटी आले. ज्या दांड्यावर हँडल फिरते तो चेसीच्या डोक्यात वर-खाली दोन कपांत छर्ऱ्यांवर बसतो. तो सोडवताना खाली परात धरली होती. छर्रे तिच्यात खणखणत पडले. जुने कप पाहिले तेव्हा सकाळच्या अडखळण्याचा उलगडा झाला. प्रत्येक कपात, एका छर्ऱ्याला एक, असे डाग-खळगे ओळीने पडले होते. रस्त्यावर हँडल बहुतेक वेळ सरळच असते. खड्ड्यांचे सगळे धक्के छर्रे त्याच त्या जागी कपाला देत राहतात आणि वर्षानुवर्षांनी तेथे त्यांची घरटी होतात. मग हँडल मध्यावर आले की छर्रे आपापल्या घरट्यात बसतात आणि उठायला कुरकुर करतात. चालकाला वाटते गाडी फार सरळ चालते आहे. वस्तुतः ती धोक्याची आहे. कारण दुचाकी उभी राहते ती हँडलच्या लहान लहान, नकळत होणाऱ्या दुरुस्त्यांवर, आणि नेमक्या त्याच अडखळतात.

कप सुंब्याने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकून काढले, नवे लाकडी ठोकळ्याच्या आडून बसवले. ग्रीसचा थर दिला आणि मुलगी एकेक छर्रा त्यात ठेवू लागली. रांग जवळजवळ पुरी झाली, आणखी एक कसाबसा मावेल अशी फट राहिली. तो ठेवण्यासाठी तिने बोट पुढे केले तेव्हा मामा म्हणाले, "शेवटचा घालू नगंस पोरी. एकाची जागा मोकळी ऱ्हाऊ दे. गच्च भरलं की फिरायचं कसं त्यांनी?"

सुट्या छर्ऱ्यांचा हा जुना नियम आहे. शेजारचे दोन छर्रे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे जेथे ते एकमेकांना टेकतात तेथे त्यांचे पृष्ठभाग परस्परविरुद्ध सरकतात. कप खच्चून भरला तर ते एकमेकांना घासतात, अडवतात. थोडी जागा असली तर ती सगळ्यांच्या वाट्याला येते. हीच गोष्ट वरचा नट आवळतानाची. सैल राहिला तर ब्रेक लावताच पुढचे अंग खडखडते. फार आवळला तर गाडी दारू प्यालेल्यासारखी डुलत जाते. मधली जागा कोणत्या पुस्तकात अंशांनी सांगितलेली नाही. चाक उचललेले असताना हँडलला मध्यावरून बोट लावावे, ते आपल्या भाराने दोन्ही बाजूंना सारखे ओघळले पाहिजे. आणि शॉकअपचे बॉटम धरून पुढे-मागे ओढले तर काही वाजता कामा नये. मामांनी तीनदा पाव-पाव फेरा फिरवून घेतला आणि मग हात काढला.

हे नेमके का चालते याविषयी विज्ञानासही शेवटचा शब्द सहज सापडला नाही. चाकाचा भ्रमणगुण, आणि हँडलचा आस जमिनीला जेथे टेकेल त्याच्या मागे चाक टेकते ही रचना, या दोन कारणांनी दुचाकी स्वतःला सावरते असे दीर्घकाळ मानले जाई. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही संशोधकांनी दाखवून दिले, की ही दोन्ही कारणे काढून टाकलेली सायकलही स्वतःला सावरू शकते. वस्तुमान कोठे कसे वाटले आहे, यासारख्या इतर गोष्टीही त्यात गुंतलेल्या आहेत. ज्या वस्तूस आपण निव्वळ यंत्र म्हणतो ती पडताना स्वतःला कशी सावरते, हे समजायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

चाक चढवले, ब्रेक दाबून धरूनच अॅक्सल आवळला म्हणजे ब्रेकचे दोन्ही शू ड्रमशी सारखे जुळतात. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचे अंग चार-सहा वेळा दाबून सोडले आणि मगच टीचे बोल्ट पक्के केले, म्हणजे दोन्ही नळ्या आपली आपली समांतर जागा शोधून घेतात. प्रत्येक पायरीवर हेच: आधी भागाला त्याची जागा सापडू द्यायची, मग आवळायचे.

आता मूळ शब्दाकडे येऊ. एखादी कविता यांत्रिक आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपणांस काय म्हणायचे असते? शब्द ठरलेल्या खाचेत जाऊन पडतो. 'चंद्र' म्हटले की चांदणे येते, 'आई' म्हटले की पदर येतो. वळण घेण्याची वेळ आली तरी ओळ आपल्या घरट्यातून उठत नाही. हे वर्णन तंतोतंत त्या जुन्या कपाचे आहे. म्हणजे ज्या दोषाला आपण यंत्राचे नाव दिले तो झिजलेल्या, बिनदुरुस्त यंत्राचा दोष आहे. नीट जुळवलेल्या यंत्राचा गुण अगदी उलट: बोट लावावे तर ते दोन्ही बाजूंना सारखे ओघळते. त्यात नियम असतो, मापे असतात, आणि हलण्यासाठी मोजून ठेवलेली मोकळी जागाही असते.

छंदःशास्त्र शिकवताना विद्यार्थी नेहमी विचारतात, की नियमात बसवलेली रचना उत्स्फूर्त कशी असू शकेल? आमचे उत्तर आता असे असेल, की ज्ञानेश्वरीची ओवी पाहा. तीन चरण यमकाने एकमेकांशी जोडलेले. अक्षरांची संख्या कमी-जास्त होऊ दिलेली. आणि चौथा चरण आखूड, यमकाविना. साडेतीन चरणांची ओवी असे तिला म्हणतात. चौथाही चरण तितकाच लांब करून यमकाने गच्च बसवणे त्या कवीला अशक्य होते असे कोणी म्हणणार नाही. तो अर्धा चरण मोकळा आहे म्हणून नऊ हजार ओव्या एकामागून एक वाहत जातात आणि कोठे घासत नाहीत. उत्तरपत्रिकेत 'यांत्रिक' हा शब्द यापुढेही येईल, आणि पुष्कळदा योग्यच येईल. त्याच्यापुढे एक प्रश्न मात्र आम्ही समासात लिहीत जाऊ: ही रचना कोठे झिजली आहे, आणि तिच्यात एका छर्ऱ्याची जागा कोठे राहायला हवी होती?